तक्त्यातला एक गोल

पुण्यातल्या त्या ओपीडीत आम्ही चौघं बसलो होतो. दादा, वहिनी, मी आणि आमची पोरगी, म्हणजे माझी भाची. तेरा वर्षांची. डॉक्टरांनी फाईल चाळली आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही जीवशास्त्र शिकवता म्हणालात ना? मग घराण्याचा तक्ता तुम्हीच काढून द्या. दोन्हीकडच्या तीन पिढ्या. संधिवात, थायरॉईड, किडनी, फिट्स, वरचेवर गर्भपात, मानसिक आजार, लहान वयात गेलेलं माणूस. आठवेल ते सगळं."

हा तक्ता मी बारावीला बावीस वर्षं शिकवते आहे. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल. आजार असेल तर आकृती आतून भरायची, नसेल तर रिकामी ठेवायची. वर्णांधत्व, हिमोफिलिया, सिकल सेल. मुलं पाच मिनिटांत काढून मोकळी होतात. मी पेन्सिल घेतली. सगळ्यात खाली पोरीचा गोल काढला आणि भरला. वर दादा आणि वहिनी. दादाशेजारी मी. त्याच्या वर आई-वडील. वडिलांच्या ओळीत धाकट्या काकांचा चौकोन. आणि त्याच ओळीत एक गोल. माझी थोरली आत्या.

पेन्सिल तिथे थांबली. शेजारी वहिनी बसल्या होत्या, मांडीवर पोरीचा हात धरून. मी तो गोल रिकामा ठेवला आणि कागद परत दिला.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. भाचीला विचारूनच लिहिते आहे. नाव लिहायचं नाही, एवढीच तिची अट.

आमचं घर तासगावकडचं, द्राक्षबागेचं. उन्हाला भ्यायची रीत आमच्याकडे नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, सगळं उन्हातच व्हायचं आणि पोरं दिवसभर बागेत असायची. आठवीत जायच्या उन्हाळ्यात पोरगी अशीच बागेतून आली आणि तिला कणकण आली. मग ती कणकण गेलीच नाही. जूनमध्ये तोंडात, टाळूला फोड आले, पण दुखत नव्हते म्हणून कुणी मनावर घेतले नाहीत. सकाळी वेणी घालायला बोटं वळायची नाहीत. फणीत केसांचे पुंजके यायचे. रक्त कमी आहे, वाढीचं वय आहे, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अक्षर बिघडलं, पाढे विसरायला लागली. शाळेतून निरोप आला की मुलीचं लक्ष नाही, मोबाईल काढून घ्या. मीही फोनवर तिला रागावले होते. मी स्वतः शिक्षिका. पाठ असलेली गोष्ट कुणी विसरलं की कष्ट कमी पडले, असंच मला वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत ती बोलायची थांबली. मग एकदम बोलायला लागली, पण आमच्याशी नाही. विहिरीकडून कुणीतरी नावाने हाका मारतंय म्हणाली. भातात काहीतरी कालवलंय म्हणून ताट लोटून दिलं. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी दूध घेऊन गेल्या, तेव्हा तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ही बाई कोण गं?"

गावात यावर एकच उत्तर होतं. बाहेरचं आहे. अंगारा झाला, उतारा झाला, एका देवरुश्याने तिला विहिरीकडे पाठवू नका म्हणून सांगितलं. त्या माणसांना मी आज नावं ठेवत नाही. त्यांनी निदान ती खोटं बोलतेय असं तरी म्हटलं नाही. मग शहरात मानसोपचार झाले, गोळ्यांनी ती शांत झाली, इतकी शांत की घास तोंडात तसाच राहायचा. एमआरआय नॉर्मल आला. 'नॉर्मल' या शब्दाने आमचे दोन महिने खाल्ले. मेंदू नॉर्मल आहे, म्हणजे मग हे मनाचंच, घरातल्या ताणाचंच, असं सगळ्यांनी धरून चाललं. पोरीला जो आजार निघाला, त्यात माणूस पूर्ण भ्रमात असतानाही एमआरआय कोरा येऊ शकतो, हे मला पुढे कळलं.

उलगडा केला तो एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने. पोरीच्या गालांवर लाली होती, ती आम्हाला तापाची वाटायची. त्या डॉक्टरने खुर्ची जवळ ओढून चेहरा निरखून पाहिला. दोन्ही गालांवरची लाली नाकाच्या दांड्यावरून एकमेकींना जोडलेली होती, पण नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी तेवढी कोरी राहिली होती. तिने पापण्यांखालची सूज दाबून पाहिली आणि लघवी तपासायला सांगितली. लघवीत प्रोटीन निघालं. मग रक्त गेलं. एएनए, म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, पॉझिटिव्ह, डीएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी चढलेली, सी३ आणि सी४ ही रक्तातली संरक्षक प्रथिनं तळाला गेलेली. चार दिवसांत आजाराला नाव मिळालं. ल्युपस.

लॅटिनमध्ये लांडगा. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच पेशींच्या डीएनएला परकं समजून त्याच्यावर उठते, आणि मग त्वचा, सांधे, किडनी, रक्त, मेंदू, जे वाटेत येईल ते सुजत जातं. लहान वयात सुरू झाला की हा आजार मोठ्यांपेक्षा जास्त आक्रमक असतो, आणि किडनी व मेंदू जास्त वेळा सापडतात. हे काही कालपरवा कळलेलं नाही. व्हिएन्नातल्या मोरिझ कापोसी यांनी १८७२ मध्येच या रोग्यांमधला भ्रम आणि ग्लानी नोंदवून ठेवली होती. १९९९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने ल्युपसमध्ये मज्जासंस्थेची जी काही रूपं दिसतात त्यांची १९ नावांची यादी केली. फिट्स, पक्षाघात, डोकेदुखी, आणि त्यांच्याच रांगेत भ्रम, नैराश्य, चिंता, स्मरणशक्तीचं मंदावणं. पोरीचे विसरलेले पाढे त्या यादीत आहेत. मी तिला रागावले ते त्या यादीतल्या एका लक्षणावर रागावले.

तीन दिवस स्टिरॉइडची सलाईन, मग दर महिन्याला प्रतिकारशक्ती आवरणारं सायक्लोफॉस्फमाइड, आणि रोजची एचसीक्यूची, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी, जी अजून चालू आहे. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती वहिनींना म्हणाली, "आई, केस विंचर ना." वहिनींनी फणी शोधायला म्हणून पिशवी उघडली आणि त्या पिशवीतच तोंड घालून बराच वेळ बसल्या.

त्यानंतर पुन्हा एकदा घसरगुंडी झाली. झोप उडाली, बडबड वाढली. आता प्रश्न असा की हे आजाराचं आहे की औषधाचं? स्टिरॉइडनेही मन भरकटतं. १९७२ च्या एका अभ्यासात दिवसाला ८० मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोन घेणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे १८ जणांना मानसिक त्रास झाला होता. ४० मिलिग्रॅमच्या आत घेणाऱ्यांत जेमतेम एकाला. आजाराचं असेल तर डोस वाढवायचा, औषधाचं असेल तर कमी करायचा. दोन्ही वाटा बरोबर उलट दिशेच्या. डॉक्टरांनी रक्त पुन्हा पाहिलं, पाठीतलं पाणी तपासलं, आणि डोस हळूहळू उतरवला. ती सावरली. त्या आठवड्यात त्यांच्या चेहऱ्यावर जो ताण मी पाहिला, त्याबद्दल मला त्यांचा कायम आदर वाटत राहील.

पोरगी घरी आली आणि घरात दुसरं सुरू झालं. कुणाकडून आलं?

आमच्याकडे हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. तो भाजी निवडताना येतो. आई एकदा म्हणाली, "आमच्याकडं असलं काही नव्हतं बाई." समोर वहिनी पीठ मळत होत्या. वहिनींच्या भावाला लहानपणी फिट्स यायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. वाक्य तेवढंच होतं, पण ते कुठे जाऊन बसायचं तिथे बसलं. मीही तिथेच होते. तोंड उघडलं नाही.

कारण आमच्याकडे असलं काही होतं. थोरल्या आत्याचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि दोन वर्षांत तिला माहेरी आणून सोडलं. डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. माडीवरच्या खोलीत तिला ठेवत. एका पावसाळ्यात तापाने गेली, चोविसाव्या वर्षी, माझ्या जन्माच्या आधी. घरात तिचा फोटो नाही. मला हे काकूकडून कळलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर, आणि 'बाहेर बोलू नको' अशी शपथ घालून. म्हणजे ओपीडीतल्या त्या कागदावर मी नुसता एक गोल रिकामा ठेवला नव्हता. सगळा संशय मी वहिनींच्या बाजूला ढकलला होता.

त्या दिवसांत मी रात्र रात्र वाचत बसायचे. शिकवताना मी मेंडेलचे वाटाणे शिकवते: उंच, बुटका, एक घटक इकडून, एक तिकडून, आणि गुणोत्तर नेमकं. ल्युपस वाटाण्यासारखा वागत नाही, हे पहिल्याच रात्री लक्षात आलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या एका अभ्यासात, एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण २४ टक्के निघालं; दोन बीजांच्या जुळ्यांत २ टक्के. वारसा आहेच, नाहीतर हा बारापट फरक आला नसता. पण तीच जनुकं अक्षरशः वाटून घेतलेल्या चार भावंडांमधली तिघं निरोगी राहिली, हेही त्याच आकड्यात आहे. २०१५ मध्ये तैवानच्या संशोधकांनी सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी धुंडाळून वारशाचा वाटा सुमारे ४४ टक्के काढला. हा आकडा वाचताना मी स्वतःला वर्गातल्यासारखं बजावलं: माझ्या भाचीच्या आजारातला ४४ टक्के भाग घराण्याने दिला, असा याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा वारशाकडे जातो.

आजवर या आजाराशी नातं असलेल्या शंभराहून अधिक जागा आपल्या गुणसूत्रांवर सापडल्या आहेत. बहुतेक जागा तुमच्याआमच्यात, वाचणाऱ्यात, लिहिणाऱ्यात विखुरलेल्या असतात. प्रत्येकीचं वजन चिमूटभर. दादाकडून काही चिमटी आल्या असतील, वहिनींकडून काही. कुणाच्याच घरात त्यांचा त्रास झाला नसेल, आणि एका मुलीत त्या एकत्र पडल्या असतील. मग वयात येणं, एखादा ताप, तो तासगावचा उन्हाळा. ऊन हे ल्युपसचं ठाऊक असलेलं निमित्त आहे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्यातला डीएनए उघडा पडतो, आणि चुकीच्या फौजेला नेमकं तेच दिसतं.

एकाच जनुकाने होणारा ल्युपसही आहे, आणि तो मुख्यतः लहान मुलांत. सी१क्यू नावाचं प्रथिन मेलेल्या पेशी उचलायला मदत करतं. ते जन्मतःच नसेल तर शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना ल्युपस होतो. असा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दादाला विचारलं होतं, "मामाची मुलगी केलीय का?" तेव्हा दादाला तो प्रश्न आगाऊ वाटला होता. ट्रेक्स१ हे दुसरं जनुक. पेशीतला उरलासुरला डीएनए कातरून टाकणं हे त्याचं काम. ते पुरतं बिघडलं तर तान्ह्या बाळांमध्ये मेंदूचा गंभीर आजार होतो, आणि त्याच जनुकातले दोष काही ल्युपस रुग्णांतही सापडले आहेत. सफाई झाली नाही की शरीराला वाटतं विषाणू शिरला, आणि इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनांची हाकाटी सुरू होते.

आणि स्पेनमधली ती मुलगी. सातव्या वर्षी तिला तीव्र ल्युपस झाला. तिच्या टीएलआर७ या जनुकात एक बदल सापडला. कॅरोला विनुएसा यांच्या गटाने तो २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका का असतात याच्या एका धाग्याचं टोक इथे आहे. तोच बदल उंदरांत घातला तर उंदरांना ल्युपस झाला. पण माझी नजर एका शब्दावर अडली. तो बदल नव्याने झालेला होता. आईत नाही, वडिलांत नाही. कुणाकडून आलं? कुणाकडूनच नाही.

मनाच्या लक्षणांचं काय, हा प्रश्न मात्र मला सगळ्यात जास्त छळत होता. ल्युपस वारशाने येऊ शकतो, हे मान्य. पण घराण्यातलं वेड ल्युपसमधून बाहेर आलं, हे गावातलं बोलणं खरं का? त्याचं उत्तर शोधताना सी४ भेटलं. पोरीच्या रक्तात तळाला गेलेलं, तेच सी४. त्याचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या प्रती प्रत्येकात सारख्या नसतात; कुणाकडे दोन, कुणाकडे चार, कुणाकडे जास्त. २०१६ मध्ये दिसलं की सी४ ची काही जास्त जोरकस रूपं असणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाची शक्यता थोडी वाढते. २०२० मध्ये त्याच संशोधकांनी दाखवलं की तीच रूपं ल्युपसपासून वाचवतात. सी४ कमी असेल तर ल्युपसकडे कल, जास्त असेल तर स्किझोफ्रेनियाकडे. तराजूची दोन पारडी, आणि मधला काटा एकच.

मी दिवा मालवला नाही त्या रात्री. एका माणसाचा निवाडा या जनुकावरून होत नाही, हे मला कळत होतं. तरीही 'घराण्यात वेड आहे' हे वाक्य मी बुद्धीने तपासलेलं ते पहिल्यांदाच, आणि ते माझ्या हातात टिकलं नाही.

मग पोरीला हाका का ऐकू आल्या? यातलं जे मला समजलं ते न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड यांच्या कामातून. २००१ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की डीएनएविरुद्धचे काही प्रतिपिंड मेंदूतल्या चेतापेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरलाही चिकटतात. डीएनए आणि रिसेप्टर या दोघांचा एक तुकडा प्रतिपिंडांना सारखा दिसतो. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो. तो शाबूत असेपर्यंत उंदरांच्या रक्तात हे प्रतिपिंड कितीही असले तरी काही बिघडत नव्हतं. जिवाणूंच्या विषाने पहारा सैल केला तेव्हा प्रतिपिंड स्मरणाच्या भागात शिरले आणि उंदीर वाट विसरले. अॅड्रेनॅलिनने सैल केला तेव्हा ते भीतीच्या भागात शिरले आणि उंदरांची वागणूक भीतीपुरती बदलली. प्रतिपिंड तेच. दार कुठलं उघडलं, यावर लक्षण ठरलं. माणसांत सगळं इतकं सरळ नाही. भ्रमाशी जोडलेले दुसरे प्रतिपिंड १९८७ मध्ये सापडले आणि पुढच्या अभ्यासांत कधी जुळले, कधी नाही. पण जनुकाने ल्युपस दिला म्हणून मन जाणारच, किंवा मन गेलं म्हणजे जनुक जास्त वाईट, असं काही नसतं, एवढं मी त्यातून घेतलं.

हे सगळं मी वहिनींना सांगायचं ठरवलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. त्या स्वयंपाकघरात पोरीच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या तक्त्यात मी एक गोष्ट लपवली." आणि आत्याबद्दल सगळं सांगितलं.

त्यांनी गुरुवारचा कप्पा बंद केला. "मला ठाऊक आहे वन्सं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत? आई तसं म्हणायची तेव्हा?"

"काय बोलायचं? त्यांना वाईट वाटलं असतं. आणि त्याच्याने हिचा ताप उतरला असता का?" मग त्यांनी शुक्रवारचा कप्पा उघडला.

त्या एका वाक्याचं ओझं मी अजून वागवते आहे. वर्षभर वाटेल ते ऐकून घेणाऱ्या बाईच्या हातात उत्तर होतं आणि तिने ते कधीही वापरलं नाही.

भाची आता एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजात छत्री घेऊन जाते, हिवाळ्यातसुद्धा. परीक्षेत तिला वेळ जास्त लागतो, नावं पटकन आठवत नाहीत. त्याला ती 'डोक्यातलं धुकं' म्हणते. गेल्या दिवाळीत तिने मला विचारलं, "आत्या, उद्या मला मूल झालं तर त्याला होईल का?" मी तिला खरं ते सांगितलं. इतरांपेक्षा शक्यता जास्त आहे, पण ल्युपस असलेल्या बहुतेक आयांच्या मुलांना ल्युपस होत नाही. डॉक्टरांशी बोलून, आजार शांत असताना विचार करायचा. तिने मान हलवली आणि म्हणाली, "तो तक्ता दाखव ना मला."

फाईलमध्ये त्याची झेरॉक्स होती. ती माजघरात पसरून बसली. वहिनी तिच्यामागे, आई खाटेवर. मी आत्याच्या गोलावर बोट ठेवलं आणि आईसमोरच सगळं सांगितलं. आई उठून जाईल असं मला वाटलं होतं. ती बसून राहिली.

"मग हा भरायचा का?" पोरीने पेन्सिल उचलून विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिला काय होतं ते कुणी पाहिलंच नाही."

ती आजीकडे वळली. "आजी, तिचे गाल लाल व्हायचे का? सांधे दुखायचे?"

आईने पदर सारखा केला. बराच वेळ ती दाराबाहेरच्या अंगणाकडे बघत होती. मग म्हणाली, "दिवसा कधी खाली यायची नाही. ऊन उतरलं की मग जोत्यावर येऊन बसायची. आम्हाला वाटायचं, लाजते."